वाढत्या घराची रीत

बँकेच्या नोकरीत ‘कल्चर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका दुग्धव्यावसायिकाच्या तोंडून. चक्क्यासाठी बाहेरून मागवलेल्या विरजणाला तो ‘कल्चर’ म्हणत असे, आणि ते किती थंडाव्यात ठेवायचे, किती दिवसांत संपवायचे हे कर्जाच्या हप्त्यांपेक्षा अधिक आस्थेने सांगत असे. निवृत्तीनंतर आता हाच शब्द उठता-बसता कानांवर पडतो; मात्र दह्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. बाणेर, बालेवाडी, खराडी अशा भागांत ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या एकेका मजल्यावर पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींच्या कंपन्या आहेत. त्यांना ‘स्टार्टअप’ म्हणायचे. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, तेव्हापासून हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. या मुलांशी बोलायला बसावे तर भांडवल, बाजार, सरकारी कागदपत्रे या तक्रारी असतातच. पण थोड्या वेळाने, चहा संपता संपता, एक निराळीच तक्रार बाहेर येते. आम्ही बारा जण होतो तेव्हा मजा होती. आता शंभर झालो. कंपनी वाढली, पण ती आमची राहिली नाही. कल्चर गेले!

या तक्रारीकडे हसण्यावारी पाहू नये असे मला वाटते. आपल्याकडे यासाठी जुना आणि चांगला शब्द आहे, ‘रीत’. घराची रीत कुणी लिहून ठेवत नाही. पाहुणा आला की आधी पाणी द्यायचे की आधी बसा म्हणायचे, उरलेल्या पोळ्यांचे काय करायचे, कुणाच्या दुखण्यात कोणी दवाखान्यात बसायचे, हे सगळे ठरलेले असते आणि कुणी ठरवलेले नसते. नव्या सुनेला ते ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ या एका वाक्याने कळत जाते. पण एका वर्षी एका घरात आठ सुना आल्या तर? सासू कुणाकुणाला सांगणार? आणि आठजणी आठ माहेरच्या रिती घेऊन आल्या, तर कुणाची बदलणार? वाढत्या कंपनीचा पेच हाच आहे.

बँकवाल्याला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात दहा. बारा माणसांत सहासष्ट. शंभर माणसांत मात्र चार हजार नऊशे पन्नास. माणसे आठपट झाली की नाती पंचाहत्तरपट होतात. बारा जणांत सहासष्ट नाती डब्याच्या वेळी आपोआप सांभाळली जातात. जवळजवळ पाच हजार नाती सांभाळेल असा डबा अजून निघालेला नाही. तेव्हा ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ हे दुःख खरे असले तरी त्यात कुणाचा गुन्हा नसतो. प्रश्न एवढाच उरतो, की जे डब्याच्या वेळी होत होते ते आता कुठे होणार?

याचे मला माहीत असलेले सगळ्यात समाधानकारक उत्तर काचेच्या इमारतीत सापडलेले नाही. ते गिरगावातल्या एका गच्चीवर सापडले.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांतल्या एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. ज्यांच्याकडून ते घेतले ते छगनलाल करमसी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, हे भारत सेवक समाजाचे सदस्य होते. (हा समाज गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केला; पुणेकरांना हे सांगावे लागू नये, पण लागते.) पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीला गेली. पहिल्या वर्षाची विक्री सहा हजार एकशे शहाण्णव रुपये. मधे पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद, कारण पापड वाळवायला ऊन नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. यंत्रसामग्रीसाठी कर्ज मागायला आलेल्या कितीतरी उद्योजकांना मी ही खाट-स्टोव्हची गोष्ट ऐकवली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती आवडलेली नाही.

यापुढचा भाग आपल्या विषयाचा. तीन महिन्यांत सातजणींच्या पंचवीस झाल्या. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे. तिसरे वर्ष संपताना तीनशेवर. म्हणजे आजच्या कोणत्याही स्टार्टअपला हेवा वाटावा असा वेग, आणि त्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा नाही, कुणाच्या देणग्या नाहीत; देणगी घ्यायचीच नाही असे त्यांनी आरंभीच ठरवले होते. पण गच्ची तेवढीच राहिली. तीनशे बायका एका गच्चीवर बसणार कशा? आतापर्यंत शेजारणीचा पापड जाड झाला की ‘अगं, पातळ कर’ म्हणता येत होते. पीठ सैल आहे का घट्ट, हे एकीच्या हाताला कळले की सातजणींना कळत होते. ती सोय गेली. त्यांनी केले ते असे: पीठ एकत्र मळायचे, मळलेला गोळा तोलून प्रत्येकीच्या हाती द्यायचा, लाटणे आणि वाळवणे तिने आपल्या घरी करायचे, आणि वाळलेले पापड परत आणून द्यायचे.

वाचताना हे साधे वाटते. पण यात एक फार मोठा निर्णय झालेला आहे. काय एकत्र ठेवायचे आणि काय प्रत्येकीच्या घरावर सोपवायचे, याची विभागणी त्यांनी अचूक केली. चव पिठात असते, म्हणून पीठ संस्थेचे. हात जिचा तिचा, वेळ जिची तिची, मांडीवरचे मूल जिचे तिचे. पुढे शाखा वाढल्या तेव्हाही कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती ठेवली गेली आणि तोच माल सगळीकडे पाठवला गेला, तो याच कारणाने. उडीद, मिरी आणि हिंग जर प्रत्येक शाखेने आपापल्या बाजारात घेतले असते, तर आज ‘लिज्जत’ या नावाखाली सत्तर-ऐंशी चवीचे पापड खावे लागले असते.

छगनबाप्पांनी पैशापेक्षा मोठी एक गोष्ट त्यांना दिली. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचा पापड स्वस्तात विकायचा. बाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि त्यात कधी तडजोड करू नका. दुसरे सांगितले, हिशेब चोख ठेवा. हा धंदा आहे, धंद्यासारखा चालवा. व्यवस्थापनाचे पंडित या दोन वाक्यांवर तीनशे पानांचा ग्रंथ लिहू शकतील, पण मला त्यांतले पहिले वाक्य एका निराळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. दोन प्रती असल्या की जाड पापड फेकावा लागत नाही, तो खालच्या प्रतीत ढकलता येतो. कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. आणि जिथे वाईटपणा घ्यावा लागत नाही तिथे रीत हळूहळू पातळ होते, मग पापड कितीही जाड होवोत. एकच प्रत ठेवली की रोज सकाळी कुणाला तरी ‘हे चालणार नाहीत’ असे तोंडावर म्हणावेच लागते. म्हणणारी स्वतः काल पापड लाटत होती, उद्या लाटणार आहे, म्हणून ते ऐकून घेतले जाते.

इथे आणखी एक बारकावा आहे. या संस्थेत लाटणारी बाई नोकर नाही, सभासद-भगिनी आहे आणि मालकीणही आहे. नफा-तोट्यात तिचा वाटा असतो. शाखेची संचालिका भगिनींमधूनच येते. कारभार पाहणाऱ्या एकवीसजणींच्या समितीतही त्याच. पुरुष हिशेबनीस किंवा चालक म्हणून पगारी नोकरीत असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. लाटण्याचा मोबदला, ज्याला तिथे ‘वणाई’ म्हणतात, रोजच्या रोज हातात पडतो. नव्या भगिनीच्या घरी लाटायला आणि वाळवायला पुरेशी स्वच्छ जागा आहे का, ते आधी जाऊन पाहिले जाते. नसेल तर तिला मळणे किंवा पाकिटे भरणे असे दुसरे काम मिळते. म्हणजे विश्वास आहे, पण तो डोळे मिटून नाही. जागा पाहायला येणे हा अपमान आहे असे कुणी मानत नाही, कारण प्रत्येकीची जागा पाहिलेली असते.

सगळेच जमले असे नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. पुढे चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या, अगरबत्ती अशा उद्योगांतही हात घालून पाहिले, तेही टिकले नाहीत. १९६२ साली ‘लिज्जत’ हे नाव ठरले, तेही स्पर्धा घेऊन. बक्षीस पाच रुपये. १९६६ च्या जुलैत संस्थेची नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष उ. न. ढेबर स्वतः पाहून गेले आणि आयोगाने खेळते भांडवल म्हणून आठ लाख रुपये दिले. १९६८ मध्ये गुजरातेत वालोडला शाखा निघाली. आज भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास आहे. जसवंतीबेन यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. किलोच्या हिशेबाने मिळणाऱ्या मोबदल्यात हक्काची रजा, निवृत्तीवेतन असे काय बसते, हा प्रश्न त्या व्यवस्थेला विचारायलाच हवा; मालकीण म्हटल्याने पाठदुखी कमी होत नाही. पण सातजणींची रीत पंचेचाळीस हजारजणींपर्यंत पोहोचवण्याचे जे कसब आहे, ते वादातीत आहे.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायाकडे येतो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा सुमारे आठ हजार होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. वीस वर्षांत सातपट. मी १९८३ साली अधिकारी म्हणून लागलो तो या वाढीच्या भर पुरात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची शाखा, अकरा माणसे, आणि त्यांत माझ्यासारखी चार अगदी कोरी. आम्हाला प्रशिक्षण केंद्रात तीन आठवडे बसवून काय शिकवले ते आज एक अक्षर आठवत नाही. शिकलो ते संध्याकाळी सहानंतर, ‘फरक’ शोधताना.

नव्या पिढीला हे सांगावे लागेल. तेव्हा लेजरे हाताने लिहिली जात. दिवसअखेर जमा-नावे जुळवावे लागे, आणि ठरावीक दिवशी सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज करून ती मुख्य खात्याशी ताडून पाहावी लागे. ती क्वचितच पहिल्या फटक्यात जुळे. नव्वद पैशांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत सुटका नसे. आमचे हेडक्लार्क फरकाचा आकडा ऐकल्याबरोबर मनातल्या मनात भागाकार करीत. नवाने भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, चोपन्नचे पंचेचाळीस झाले आहेत. दोनाने भागून येणारी रक्कम त्या दिवशीच्या व्हाउचरांत असेल, तर जमेची नोंद नावे पडली आहे. मग मोठमोठी बाडे उघडून आम्ही बसत असू, एकजण वाचणारा, एकजण टिक करणारा. आणि प्रत्येक खात्यापाशी ते थांबत. ‘हा माणूस सही करताना दरवेळी पेन बदलतो, नीट बघत जा.’ ‘या बाईंचा मुलगा सैन्यात आहे, मनिऑर्डर आली की निरोप पाठवायचा, चार मैल चालत येते ती.’ ‘हा मोठा डिपॉझिटर आहे, पण याच्या आधी रांगेत पेन्शनर असेल तर पेन्शनर आधी.’ व्हाउचर वाचल्याशिवाय सही करायची नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, आणि त्या दोघांत कितीही घरोबा असला तरी एकाने दुसऱ्याकडे एका दिवसासाठीसुद्धा द्यायची नाही. बँकेची रीत म्हणतात ती मला अशी, नव्वद पैशांच्या निमित्ताने मिळाली.

मग संगणक आला. आधी एकेका शाखेत, नंतर या शतकाच्या पहिल्या दशकात सगळ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्रणेला जोडल्या गेल्या. फरक पडायचा बंद झाला. ही चांगलीच गोष्ट झाली. बाडे उपसण्यात कुणाचे आयुष्य गेले म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण त्याबरोबर संध्याकाळचे ते दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत जे एका पिढीकडून दुसरीकडे जात होते ते कुठून जाणार, याचा विचार कुणी केला नाही. कारण ते तिथून जात होते हेच कुणाला माहीत नव्हते. पुढे वरिष्ठांना जाणवले की नवी मुले हुशार आहेत, झटपट आहेत, पण ‘आपलेपणा’ नाही. मग भिंतींवर फलक आले. ग्राहक हा आपला देव आहे, वगैरे. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. विलीन झालेल्या एका बँकेतला मित्र सांगत असे, की नावाची पाटी एका रात्रीत बदलली. पण ‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी अजून दिवसातून दहादा ऐकू येते.

यावरून माझी एक धारणा झाली आहे. रीत ही माणसांच्या मनात राहते असे आपण समजतो. ती खरे म्हणजे कुठल्या तरी एका कामाच्या आश्रयाने राहते. ते काम बहुधा कंटाळवाणे असते, आणि धंदा वाढला की सगळ्यात आधी तेच काम काढून टाकले जाते किंवा दुसऱ्या कुणाला दिले जाते.

हे संस्थापकांच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून नसते का, असे कुणी विचारील. असते, काही काळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली, तेव्हा तिथली रीत म्हणजे बव्हंशी लक्ष्मणराव आणि त्यांचे मोजके सहकारी हीच होती. तेही कुठवर पुरणार? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. नांगर घेणाऱ्याला आणि कारखान्यात काम करणाऱ्याला एकमेकांची खबर कळावी, असा त्याचा आरंभीचा घाट. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाङ्मयात त्याने काय केले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इन्फोसिसचा दाखला तरुण मंडळी नेहमी देतात. १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर सुरू केलेली ही कंपनी. ती पुढे बंगळुरूला गेली याचे शल्य पुणेकरांना आहेच. आज तिथे तीन लाखांवर माणसे काम करतात. संस्थापकांच्या मुलाबाळांना कंपनीत घ्यायचे नाही, ही त्यांची गाजलेली रीत. २०१३ साली नारायण मूर्ती कंपनीत परत आले तेव्हा मदतनीस म्हणून मुलाला घेऊन आले आणि वर्षभरात दोघेही बाहेर पडले. २०१७ साली बाहेरून आणलेल्या मुख्याधिकाऱ्याने संस्थापकांशी झालेल्या जाहीर वादानंतर राजीनामा दिला आणि नंदन निलेकणी परतले. या साऱ्यात कोण बरोबर, यावर मी मत देणार नाही. मला त्यातून इतकेच दिसते, की लेखी नियम पाळायला सगळ्यात अवघड जाते ते तो नियम लिहिणाऱ्याला.

माझ्या भाचीची पुण्यात कंपनी आहे. लहान दवाखान्यांना आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळांना लागणारी संगणकप्रणाली ती लोक तयार करतात. तिघांनी मिळून काढली, पहिली चार वर्षे चौदाजणांपलीकडे गेली नाही. २०२१ मध्ये गुंतवणूकदारांचा पैसा सगळीकडे वाहत होता, तो यांच्याकडेही आला, आणि आठ महिन्यांत ही चौदा माणसे एकशे वीस झाली. त्याच सुमारास ती मला म्हणाली, ‘मामा, तू एकदा आमच्याकडे येऊन बोल ना. व्हॅल्यूज वगैरे. तू लेखक आहेस, तुला छान सांगता येईल.’

मी गेलो. भिंतीवर सहा तत्त्वे रंगवलेली होती, अक्षर सुरेख होते. मी बोललो नाही, दोन दिवस नुसता बसून राहिलो. बँकेत तपासणीला जायचो तसा. जुन्या चौदांपैकी जे भेटले त्या प्रत्येकाला विचारले, पूर्वी तुम्ही असे काय करत होता जे आता करत नाही? शनिवारी क्रिकेट, वाढदिवसाचा केक, अशी उत्तरे आली. एका मुलीने मात्र सांगितले, ‘फोन.’ पूर्वी दवाखान्यांतून तक्रारीचा फोन आला की ज्याची पाळी असेल तो घ्यायचा. भाचीसुद्धा. सांगलीच्या एका प्रयोगशाळेतली बाई रोज सकाळी साडेसातला फोन करायची, कारण तेव्हा उपाशीपोटीचे रक्त द्यायला रांग लागलेली असायची आणि नेमकी तेव्हाच पावती छापली जायची नाही. सगळ्या चौदाजणांना त्या बाईंचे नाव माहीत होते. मग मोठे झाल्यावर तक्रारींसाठी वेगळा विभाग केला, नऊ माणसांचा. आता प्रणाली लिहिणाऱ्या सत्तर जणांपैकी एकानेही कधी दवाखान्यातला आवाज ऐकलेला नव्हता. त्यांच्यापर्यंत येत होता तो तक्रारीचा क्रमांक.

‘पाळी पुन्हा सुरू कर,’ मी म्हणालो.

ती हसली. ‘तीस लाख घेणारा इंजिनिअर फोन उचलेल का मामा?’

‘तू उचलत होतीस ना?’

‘माझी कंपनी होती.’

यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. कारण तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. लिज्जतमध्ये संचालिका पापड नाकारू शकते कारण ज्याचे ते मालक सगळेच आहेत. तिच्या कंपनीत तिघेच मालक, आणि आता तर त्यांच्या वर गुंतवणूकदार. मालकी न वाटता मालकासारखी आस्था वाटून घ्यायची, हा या सगळ्या नव्या कंपन्यांचा मूळ पेच आहे. शेअरच्या कागदी आश्वासनांनी तो थोडा झाकला जातो, सुटत नाही. तिला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली.

तिने पाळी सुरू केली, पण सरसकट नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही पगाराचा असो, पहिले दोन आठवडे फक्त फोन घ्यायचे. दोघे दुसऱ्याच दिवशी सोडून गेले. गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधीने या दोन आठवड्यांचा पगाराचा खर्च काढून दाखवला. तो बरोबर होता. भाचीने मंगळवार आपल्याकडे घेतला.

२०२२ च्या अखेरीस पैशाचा ओघ आटला. देशभर अशा कंपन्यांनी माणसे कमी केली. कुठे एका ई-मेलने, कुठे पडद्यावरच्या काही मिनिटांच्या बैठकीत. हिलाही एकतीस माणसे कमी करावी लागली. रात्री अकराला तिचा फोन आला, यादी तयार होती. नियमाने शेवटी आलेले आधी जायचे. पण शेवटी आलेल्यांतच फोन घेऊन तयार झालेली मुले होती, आणि मधल्या काळात घाईने भरलेल्यांत सगळ्यात महागडी. एकशे वीस झाल्याबद्दल टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी या यादीला हात लावायला तयार नव्हते. माझे मत तिने विचारले. मी एवढेच म्हणालो, की यादी कुणाची असावी ते तू ठरव. पण सांगायचे तूच, एकेकाला, समोर बसवून, आणि हिशेब त्याच दिवशी हातात. तिघांनी ते केले. चार दिवस लागले. मागाहून तिने सांगितले, की राहिलेली माणसे त्या चार दिवसांत कुणाला काय सांगितले जाते यापेक्षा दार किती वेळ बंद राहते हे मोजत होती.

भिंतीवरची सहा तत्त्वे अजून आहेत, रंग जरा उडाला आहे. माणसे आता अठ्ठ्याऐंशी. मंगळवारी सकाळी साडेसातला सांगलीचा फोन आला तर तो भाची घेते. बाई तिला अहो-जाहो करत नाहीत, आणि पावती छापली गेली नाही तर स्पष्ट शब्दांत सांगतात.